मराठी निसर्गलेखन : पाहणे आणि जाब विचारणे

मराठी गद्यात निसर्ग हा स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला तो मुख्यतः दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मुळे (१९५६). त्याआधी संतांच्या अभंगांत वृक्षवेली होत्या, बालकवींच्या कवितेत निर्झर आणि फुले होती; पण तेथे निसर्ग बहुतेक वेळा भक्तीचे किंवा भावनेचे निमित्त होऊन येई. भागवतांनी चैत्रापासून एकेक मराठी महिना धरला आणि पालवी, मोहर, पानगळ, ढगांचे रंग टिपत वर्ष पुरे केले. हे लिहिणारी बाई मुंबईकर होती. ऋतू पाहायला अरण्यातच जावे लागते असे नाही, हे या पुस्तकाने वाचकाला पटवले आणि पुढच्या पिढ्यांच्या ललित गद्याला झाडाकडे झाड म्हणून पाहायला लावले.

भागवतांची नजर अभ्यासकाची, तर मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांची नजर रानात नोकरी केलेल्या माणसाची. तीन दशकांहून अधिक काळ वनखात्यात काढलेल्या या लेखकाने नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट हा प्रदेश मराठी वाचकाच्या ओळखीचा केला. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ या पुस्तकांइतकेच महत्त्वाचे आहे त्यांचे शब्दांचे काम. संस्कृत ग्रंथ, कोळी, पारधी, गोंड अशा सर्वांकडून त्यांनी पशुपक्ष्यांची नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ हे शब्द मराठीत रुळले ते त्यांच्यामुळे. हे काम दिसते त्याहून मोठे आहे. ज्या पाखराला बोलीत नाव उरत नाही, ते दिसेनासे झाले तरी गावात त्याची चर्चा होत नाही. त्यांच्या जन्मदिवसापासून पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ने (१९८२) वानरांच्या टोळ्यांतली सत्तेची झुंज कादंबरीला पुरेशी ठरते, हे दाखवले. त्यात राजकीय रूपक शोधणारे समीक्षक कमी नव्हते. वानरांवरचे पुस्तक वानरांविषयी असू शकते, यावर आपल्या समीक्षेचा विश्वास जरा उशिरा बसला. शरदिनी डहाणूकर, श्री. द. महाजन, किरण पुरंदरे यांनी झाडे आणि पक्षी घराजवळ आणले.

या सर्व लेखनाने पाहायला शिकवले. मात्र यातले बरेचसे लेखन रान संपते कुठे आणि ते कोण संपवते, या प्रश्नापाशी थबकते. आदिवासी त्यात वाटाड्या म्हणून, जाणकार म्हणून, क्वचित गुरू म्हणूनही येतो. रानावर हक्क सांगणारा माणूस म्हणून फारसा येत नाही. वनहक्क कायदा २००६चा. त्याचे पडसाद निसर्गलेखनात शोधावे लागतात.

जाब विचारणारे लेखन मराठीत नाही असे नव्हे. ते दुसऱ्या कप्प्यात ठेवले गेले आहे. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला आणि त्याची हकीकत विनायकराव भुस्कुटे यांनी मराठीत लिहून ठेवली. दया पवारांच्या गीतात धरण बांधणारी मजूर बाई बोलते: पाणी अडवणारे हात तिचे, ओलीत दुसऱ्याचे. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) धरणग्रस्तांची फरफट सांगते. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) शेतातून उगवल्या, आणि हाच कवी विधान परिषदेत शेती-पाण्यावर बोलत राहिला. समीक्षेने यांना ग्रामीण, दलित, राजकीय अशी लेबले लावली. निसर्गलेखनाच्या यादीत ही नावे सहसा दिसत नाहीत. तोटा दोन्हीकडे झाला. पाणी हा निसर्गाचा विषय आणि १९२७चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह मात्र समाजकारणाचा, ही वाटणी मुळातच लंगडी आहे. तळ्याकाठचे सौंदर्य कोणाला निवांत पाहता येते, हेही निसर्गलेखनानेच विचारायला हवे.

सरकारी भाषेची गोष्ट थोडक्यात आटोपते. भिंतीवरच्या घोषणेतल्या झाडाला ना जात असते ना जागा. २०१९मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षांचे लक्ष्य जाहीर केले. आकडा सर्वांच्या लक्षात राहिला, झाडांची नावे कोणाच्याच नाही.

खरी अडचण कागदपत्रांत आहे. प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांसंबंधीच्या अधिसूचनेचा मसुदा केंद्राने २०२० साली इंग्रजी आणि हिंदीत काढला. तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी सांगावे लागले. माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११मध्ये दिलेला अहवालही इंग्रजीत होता. तो स्थानिक भाषांत आणून ग्रामसभांपुढे ठेवावा, असा गाडगीळांचा आग्रह होता. प्रत्यक्षात कोकणात अहवालावर वाद पेटला तेव्हा तो वाचलेली माणसे थोडी आणि त्याविषयी ऐकलेली फार, अशी स्थिती होती. हा अनुवादाचा तांत्रिक प्रश्न नव्हे. खाणीच्या जनसुनावणीत शेतकऱ्याच्या हातात मराठी सारांश पडतो आणि तपशील इंग्रजी खंडांत राहतो, तेव्हा हरकत नेमकी कशावर घ्यायची हेच त्याला कळत नाही.

ही दरी बुजवणारे लेखन अलीकडे वाढते आहे. दिलीप कुलकर्णी यांनी ‘निसर्गायण’मधून आणि ‘गतिमान संतुलन’ या मासिकातून उपभोगाचा प्रश्न साध्या भाषेत मांडला. अतुल देऊळगावकर हवामानबदल, दुष्काळ, भूकंप यांच्यामागचे विज्ञान आणि धोरण एकत्र लिहितात. गाडगीळांच्या ‘सह्याचला आणि मी’मध्ये देवराया, बांबू आणि सरकारी बैठका एकाच कथनात येतात, पाहणे आणि जाब विचारणे तेथे वेगळे राहत नाही. गोव्यात राजेंद्र केरकर सत्तरी तालुक्यातल्या लोकपरंपरा आणि म्हादई नदीच्या पाण्याचा प्रश्न मराठीतूनच मांडत आले आहेत.

पण मराठी ही रानाजवळ राहणाऱ्या सगळ्यांची भाषा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायदा समजून घ्यायला तेथे गावाने अभ्यास गट चालवले; निर्णय सर्वसहमतीने होतात. या गोंड गावात घरची बोली गोंडी आणि अर्ज-ठराव मराठीत. मेळघाटच्या कोरकूंचीही गत तीच. कोकणातल्या शेतकऱ्यापुढे इंग्रजी जशी उभी राहते, तशी या गावांपुढे मराठी उभी राहते, आणि याची दखल मराठी निसर्गलेखनाने अजून फारशी घेतलेली नाही.