'स्मृतिचित्रे'तील पाच वर्षे

आमच्या सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे काम एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले. नारायण वामन टिळकांची भजने इथल्या ख्रिस्ती मंडळींच्या ओठांवर आहेत. पण चाल ओठांवर असली म्हणजे भाव अंगी मुरला असे नव्हे. वचने पाठ, उपासना चुकत नाही, आणि सोयरीक जुळवताना मात्र पूर्वीच्या जातीची चौकशी! करिंथच्या मंडळीला पौलाने दूधपित्या बाळांची उपमा दिली, तिचे कारणही आपसातले तटच होते.

या दुखण्यावर कोणते पुस्तक वाचावे असे कोणी विचारले, तर मी प्रवचनसंग्रह सुचवणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सुचवीन. 1934 ते 1936 या काळात चार भागांत निघालेले हे आत्मचरित्र आपण विनोदासाठी वाचतो, आणि वाचावेच. मला मात्र त्यातली पाच वर्षे फार मोलाची वाटतात. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मध्ये ताटातूट, नातलगांचा आसरा, त्यातच आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूरचा मुक्काम. आणि पतीकडे परतल्यावरही वेगळी चूल व कडक सोवळे. हे सोवळे कोणाच्या उपदेशाने सुटले नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला आणि शिवाशिव टाकली, ती बाप्तिस्म्याच्या आधी. आपल्याकडे बहुधा उलटा क्रम असतो: आधी पाणी, मग जमल्यास पालट.

टिळक झेप घेणारे. 1917 मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला; बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली. मिशनच्या पैशावर पोसलेली मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहायची नाही, हे त्यांनी ओळखले होते. दरबाराची घडी बसण्याआधीच, 1919 मध्ये, ते गेले. कवी म्हणून त्यांची थोरवी मोठीच. पण श्रद्धा हळूहळू कशी पिकते हे पाहावे ते लक्ष्मीबाईंपाशी. स्वतःचा हट्ट, भीती, अडाणीपण त्या झाकीत नाहीत. टिळकांचा शीघ्रकोपही झाकीत नाहीत, आणि तरी माया कुठे उणी पडत नाही. साक्षीची पुस्तके मी पुष्कळ वाचली आहेत. त्यांत पश्चात्तापाच्या दुसऱ्या दिवसापासून लेखक निर्दोष होऊन बसतो. लक्ष्मीबाई बाप्तिस्म्यानंतरही नवऱ्याशी भांडतात, पैशापायी चिडतात, आणि दुसऱ्याचे पोर दारी आले की त्याला घरात घेतात.