कॅ. मॅकिंटॉशचा रामोशांवरील ग्रंथ : साधन म्हणून परीक्षण

रामोशी जमातीविषयीं कांहीं लिहावयाचें झालें कीं लेखक प्रथम कॅ. अलेक्झांडर मॅकिंटॉश याच्या सन १८३३ त मुंबईस छापलेल्या इंग्रजी ग्रंथाकडे वळतो. जमातीच्या मूळपीठिकेपासून उमाजी नाइकाच्या अखेरीपर्यंतची हकीकत त्यांत असून ती परिश्रमपूर्वक जमविलेली आहे, हें आम्ही आरंभींच मान्य करतों. तथापि ज्या निःशंकपणें हा ग्रंथ आजवर वापरला गेला, त्यास तो पात्र आहे काय, याचा विचार व्हावयास पाहिजे.

पहिला प्रश्न ग्रंथकाराच्या स्थानाचा. मॅकिंटॉश हा कंपनीच्या मद्रास फौजेंतील अंमलदार व उमाजीच्या बंडाचा बंदोबस्त करणारांपैकीं एक. कैदेंतील उमाजीची हकीकत त्यानेंच ऐकून घेतली, आणि ता. ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं उमाजीस पुण्यास फांशीं देण्यांत आलें. बेडी पडलेल्या माणसानें धरणारापाशीं केलेलें हें कथन, तेंही परभाषेंत उतरलेलें. वतनाच्या तंट्यांत प्रतिवादीची अशी एकच जबानी पुढें आली, तर तेवढ्यावर आपण निवाडा मानणार नाहीं. मग साऱ्या जमातीचा निवाडा तिजवर कसा मानावा?

दुसरें असें कीं, रामोशांकडे पुरंदर किल्ल्याची रखवाली होती, त्याबद्दल त्यांस हक्क होते, आणि सन १८१८ नंतर ती चाकरी व ते हक्क गेले, ही गोष्ट बंडाच्या हकीकतीपासून वेगळी काढतां येत नाहीं. मध्यंतरीं खुद्द कंपनी सरकारनेंच उमाजीस माफी देऊन चाकरीस ठेविलें होतें. जन्मतःच जो चोर, त्याच्या हातीं सरकार बंदोबस्त कसा देईल? मागून आलेल्या लेखकांनीं दरोड्यांचीं वर्णनें तेवढीं उचललीं. कारणें मात्र तशींच पडून राहिलीं.

तिसरा मुद्दा आमच्या वाचकांच्या नित्याच्या कामाचा आहे. गांवगाड्यांत रामोशी हा रखवालदार. चोरी झाली म्हणजे चोराचा माग काढून तो शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत पोंचवावा, न साधल्यास नुकसान भरून द्यावें, अशी जोखीम त्याजवर असे. तेव्हां चोरीच्या कागदांत रामोशाचें नांव आलें, एवढ्यावरून तो चोर ठरत नाहीं. गांवच्या मालाची हमी घेणारा म्हणूनही तें नांव तेथें येऊं शकतें. हा भेद न पाहतां यादींत ‘चोर-दरोडे’ असा मथळा घालणें म्हणजे कागदानें न केलेला आरोप आपण करणें होय.

ही चूक केवळ विद्वानांच्या वादापुरती राहिली नाहीं. जन्मावरून गुन्हेगारी ठरविण्याच्या याच समजुतीवर सन १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा उभा राहिला. सन १९११ त तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्यांत आला. ज्या जमाती त्याच्या कक्षेंत आल्या, त्यांतील निरपराध माणसांसही हजेरी चुकली नाहीं. सन १९५२ त तो रद्द झाला. परंतु कायदा रद्द झाल्यानें दप्तरांवरील मथळे आपोआप पुसले जात नाहींत.

मॅकिंटॉशचा ग्रंथ टाकून द्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. एका पक्षाची कैफियत म्हणून तो जपून ठेवावा. मात्र दुसऱ्या पक्षाचे कागदही त्याच्या शेजारीं ठेवावे. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, पाटील-कुळकर्ण्यांच्या रुमालांत रामोशांच्या हक्कांचे, नेमणुकींचे वा माग काढल्याचे चिटोरे आढळल्यास ते क्षुल्लक म्हणून दूर सारूं नयेत. राजांच्या सनदांस वारस पुष्कळ आहेत. या चिटोऱ्यांस मात्र संग्राहकावांचून दुसरा कोणी वाली नाहीं.