चव्हाट्यावरचे बिऱ्हाड

आमचे देवगाव फाटा हे गाव कमी आणि फाटा जास्त. एक वाट सेलूकडे जाते, एक जिंतूरकडे, एक मंठ्यावरून जालन्याकडे. या तिठ्यावर चहाच्या, भज्यांच्या आणि पंक्चरच्या टपऱ्या आहेत. चूल टपरीवाल्याची, गिऱ्हाईकही त्यानेच जोडलेले, पण पायाखालची जागा मात्र रस्त्याची. रस्ता रुंद करावयाचा ठरला की दगडावर चुन्याची खूण होते, आणि पंधरा वर्षे चाललेली टपरी एका सकाळी उचलावी लागते. तक्रार कोणाकडे करावयाची? जागा आपली नव्हतीच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. फराळाचे ताट पुढे ठेवले तरी त्याने चकलीला हात लावला नाही. हा मुलगा चारपाच वर्षांपासून मोबाइलवर गावाकडचे प्रसंग चित्रित करून ते एका बड्या कंपनीच्या चव्हाट्यावर मांडीत असे. त्यात विनोदी प्रसंग होते, पोळ्याची मिरवणूक होती, आणि त्याच्या आजीने जात्यावर बसून म्हटलेल्या पन्नासेक ओव्याही होत्या. एका सकाळी त्याचे खाते बंद झाले. कारण विचारले तर एका ओळीचे उत्तर आले : नियमांचा भंग झाला आहे. कोणता नियम, कोणत्या चित्रफितीने मोडला, हे कोणीही सांगितले नाही. फोनमध्ये जागा नाही म्हणून मूळ चित्रफिती त्याने केव्हाच पुसून टाकल्या होत्या. आजी श्रावणात वारली होती.

"गुरुजी," तो म्हणाला, "ते माझं होतं का त्यांचं?"

कादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि मुलांना निबंध शिकविणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर चटकन देता यावयास हवे होते. मला ते आले नाही. वर्षभर विचार करून जे सुचले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

कायद्याची भाषा पाहिली तर उत्तर सोपे आहे. या कंपन्यांच्या अटींत बहुधा असेच लिहिलेले असते की चित्रफितीचा हक्क करणाऱ्याचाच. कंपनीला फक्त ती दाखविण्याचा परवाना. म्हणजे ओव्या त्याच्याच होत्या. पण त्या जेथे ठेविल्या होत्या ते कोठार दुसऱ्याचे होते आणि किल्लीही दुसऱ्याकडेच होती. मराठवाड्यातल्या माणसाला हे नाते नवे नाही. आपण याला बटई म्हणतो. घाम कुळाचा, जमीन मालकाची, आणि पिकाचे वाटे मालक ठरवील त्याप्रमाणे. यूट्यूबवर लांब चित्रफितीच्या जाहिरात-उत्पन्नातले शेकडा ५५ करणाऱ्याला मिळतात आणि ४५ कंपनी ठेवते. बटईच्या हिशेबाने हा वाटा वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र तो मिळण्यापूर्वी पात्रता सिद्ध करावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केले की एक हजार सभासद आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण असल्याखेरीज जाहिरातीचा पैसा मिळणार नाही. कालपर्यंत ज्यांना चार पैसे मिळत होते असे कितीतरी लहान लोक त्या एका निर्णयाने बांधाबाहेर गेले. जमीन तीच, नांगर तोच. करार मात्र मालकाने एकट्याने बदलला.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, हा व्यवहार झाला. दिवाळी अंकात वाङ्मयाचे बोला. तेच बोलावयाचे आहे. जागा ज्याची असते त्याची नजर कलाकृतीत उतरते, असे माझे म्हणणे आहे.

या नव्या माध्यमाने मराठीला काय दिले ते आधी मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. 'गावाकडच्या गोष्टी' किंवा 'चांडाळ चौकडीच्या करामती' यांसारख्या मालिका पाहाव्यात. बैठकीच्या खोलीत बसून बनविलेली 'ग्रामीण' बोली तेथे नाही. बांधावर उभा असलेला माणूस बांधावर जसा बोलतो तसाच बोलतो. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये यूट्यूबवर स्वयंपाक दाखविण्यास आरंभ केला, आणि परदेशी स्थायिक झालेल्या कित्येक मराठी घरांत पुरणपोळीचा हात पुन्हा वळू लागला. या मंडळींना कोणत्या संपादकाने, कोणत्या निर्मात्याने दार उघडले असते? पुण्यामुंबईच्या संपादकांच्या टेबलावर आमच्यासारख्यांची हस्तलिखिते किती महिने पडून असत, हे मी अनुभवाने सांगतो. तेव्हा चव्हाट्याला नावे ठेवताना आपल्या जुन्या वाड्याचे दार किती अरुंद होते, हे विसरू नये.

पण आता उलट बाजू पाहू. जुलै २०२० मध्ये यूट्यूबने नियम केला की आठ मिनिटांच्या चित्रफितीतही मध्येच जाहिरात घालता येईल. त्यापूर्वी ही मर्यादा दहा मिनिटांची होती. त्याचा परिणाम कथेच्या अंगावर स्पष्ट दिसतो. पाच मिनिटांत संपणारा प्रसंग आठ मिनिटांपर्यंत ओढलेला असतो. पात्रे एकच वाक्य दोनदा बोलतात. चहा येतो, चहा जातो. आणि रहस्याच्या ऐन क्षणी साबण विकावयास येतो. पहिल्या दहा सेकंदांत प्रेक्षक निघून जाईल या धास्तीने आरंभालाच आरडाओरडा. बाहेर लावलेल्या चित्रात प्रत्येकाचे तोंड आ वासलेले. एखादा प्रसंग चालला की त्याच्या वीस नकला निघतात, कारण काय वर दाखवावयाचे आणि काय खाली दडपावयाचे हे ठरविणारे गणित कोणालाही दिसत नाही. फक्त काल काय चालले एवढेच दिसते. यात त्या मुलांच्या प्रतिभेचा दोष नाही. कुळाने मालकाला आवडेल तेच पीक घ्यावे तसा हा प्रकार आहे. शेतात सगळीकडे कापूसच दिसतो, पण ज्वारीची ओढ संपली असा त्याचा अर्थ होत नाही.

हे दुखणे आजचेच आहे असेही नाही. हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' १८८५ मध्ये 'पुणेवैभव' या दुसऱ्याच्या पत्रातून आली. पुढे १८९० मध्ये त्यांनी स्वतःचे 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो' तेथून क्रमशः दिली. एका बाल्यविधवेची दुःखकथा आठवड्यामागून आठवडे सांगावयाची, तर पत्र आपले असलेले बरे, हे त्यांना उमगले असावे असे मला वाटते. आगरकरांचे उदाहरण तर अधिक बोलके. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला तेव्हा ते त्याचे पहिले संपादक. सामाजिक सुधारणेवरून सहकाऱ्यांशी पटेना, तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि पुढल्या वर्षी 'सुधारक' काढला. आणि ज्यांना उंबऱ्याच्या आतच घेतले जात नव्हते त्यांनी काय करावे? डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, ही हकीकत प्रसिद्धच आहे. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले आणि त्यासाठी स्वतःचा छापखानाही उभा राहिला. ज्याला दुसऱ्याच्या ओसरीवर जागा नाही, त्याला स्वतःची चार खणांची खोली किती मोलाची असते, हे या इतिहासात लिहिलेले आहे.

मात्र स्वतःचे घर बांधले की सर्व प्रश्न मिटतात असेही समजू नये. प्रभात कंपनीजवळ काय नव्हते? १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापना, १९३३ मध्ये पुण्यास स्थलांतर, स्वतःचा स्टुडिओ, स्वतःचे कलावंत. तरीही १९५३ मध्ये कंपनी बंद पडली आणि त्याच वास्तूत पुढे सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. पण १९३६ चा 'संत तुकाराम' आपण आजही पाहतो. घर गेले, कृती राहिली. कारण चित्रपटाच्या प्रती होत्या. मला वाटते, खरी मेख येथे आहे. जागेची मालकी कधी मिळेल, कधी जाईल. प्रत आपल्या हातात असली पाहिजे, आणि वाचकाचा पत्ता आपल्या वहीत असला पाहिजे.

जुन्या संपादकांच्या आणि नव्या मालकांच्या वागणुकीतला फरक याच दोन गोष्टींत आहे. संपादक कथा नाकारीत, पण लेखकाने तिकिटे लावलेले पाकीट जोडले असेल तर हस्तलिखितावर 'साभार परत' ही चिठ्ठी लागून येई. ती चिठ्ठी आम्हाला विंचवासारखी डसे. आज तिची थोरवी कळते. नाकारलेली कथा माझ्याकडे परत येत होती! दुसरी पाठविता येत होती. आणि मासिकाच्या चालकाजवळ वर्गणीदारांची वही असे. छापखाना बदलला तरी वर्गणीदार त्याचेच. आज ज्याचे लाखभर सभासद आहेत त्याला त्यातल्या दहांचाही पत्ता ठाऊक नसतो. ते सभासद त्याचे नव्हेतच, चव्हाट्याचे आहेत.

२९ जून २०२० च्या रात्री हे सर्वांना एकदम कळले. सरकारने देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून ५९ ॲप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते. या देशात त्याचे वीस कोटींच्या आसपास वापरणारे होते असे सांगितले जाई. बंदी योग्य की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. प्रश्न आहे तो शेतमजुरी करून संध्याकाळी नाचणाऱ्या-गाणाऱ्या माणसांचा. चूक त्यांची नव्हती, भांडण त्यांचे नव्हते, पण घर त्यांचे बसले. जुलै उजाडताच इन्स्टाग्रामने रील्सचे नवे दालन उघडले आणि मंडळी तिकडे निघाली. एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे, रिकाम्या हातांनी. ऑर्कुट २०१४ मध्ये असेच बंद झाले होते, गूगल प्लस २०१९ मध्ये. चव्हाटे मोडतात, त्याची सवय करून घेतली पाहिजे.

मग उपाय काय? पहिला उपाय कायद्याचा. निजामी गेल्यावर १९५० मध्ये हैदराबाद राज्यात कुळवहिवाटीचा कायदा झाला आणि 'संरक्षित कूळ' हा शब्द आमच्या आजोबांच्या तोंडी आला. मालकाला मनात येईल तेव्हा कुळाला काढता येऊ नये, एवढेच त्याचे सार. सगळ्यांना न्याय मिळाला असे नाही, पण दाद मागावयास जागा झाली. चव्हाट्यांच्या बाबतीतही आरंभ झाला आहे. २०२१ च्या नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार-अधिकारी नेमावा लागतो, आणि त्याच्या निर्णयावर अपील ऐकण्यासाठी २०२२ च्या दुरुस्तीने समित्यांची तरतूद झाली. फाट्यावरच्या मुलाला हे ठाऊक असते का? नसते. ते त्याला शाळेत सांगावयास हवे. यंदा मी नववीच्या वर्गात तक्रार-अर्जाचा नमुना शिकविताना हाच विषय घेतला.

दुसरा उपाय आपल्या परंपरेतच आहे. लीळाचरित्राची मूळ पोथी लुटालुटीत नाहीशी झाली आणि हिराइसेला ती मुखोद्गत होती म्हणून पुन्हा सिद्ध झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. एकाच कोठारात ठेवलेले धान्य एकाच आगीत जाते. ओव्यांच्याच बाबतीत पाहा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. आज 'पारी' या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह वाचावयास, ऐकावयास मिळतात. तेथे कोणी तोंड आ वासलेले नाही, मध्येच साबण येत नाही. ओवी किती लांब असावी हे जाते ठरविते. मला तो संग्रह आजच्या मराठीतले एक मोठे वाङ्मयीन काम वाटतो, आणि त्याचे एक कारण असे की तो करणाऱ्यांनी आधी वही भरली. चव्हाटा नंतर पाहिला.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला मी जे उत्तर दिले ते असे : बाळा, ते तुझेच होते, पण तू ते तुझ्याजवळ ठेवले नाहीस. चव्हाट्यावर जरूर जा. गर्दी तेथेच आहे, आणि गर्दीला तोंड देण्यात कमीपणा नाही. तमाशाचा फडही दुसऱ्याच्याच माळावर उभा राहतो. पण फडाची पेटी, ढोलकी आणि वग फडाबरोबरच गावोगाव जातात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण हिणवून म्हणतो. या काळात ते शहाणपणाचे लक्षण ठरावे.

मुलगा यंदाही दिवाळीला आला. चकली खाल्ली. पिशवीतून त्याने दोनशे पानी वही काढली. आजीच्या दोन बहिणी अजून आहेत, एक जिंतूरकडे, एक मंठ्याकडे. त्यांच्याकडे जाऊन, आजी कोणत्या ओव्या म्हणायची ते विचारून विचारून त्याने एकतीस ओव्या लिहून आणल्या होत्या. उरलेल्या कोणालाच आठवत नाहीत. आवाज तर गेलाच.

वहीच्या पहिल्या पानावर त्याने आजीचे नाव लिहिले होते. त्याखाली आपले लिहू का, असे त्याने मला विचारले. मी म्हटले, लिही. आणि आणखी एक वही नकलून मला दे.