बोलीला जात, प्रमाणाला नाही

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सत्कार झाले, भाषणे झाली, भाषेच्या प्राचीनतेचे दाखले नव्याने दिले गेले. आनंद मानू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्यांच्या घरात लेखणी कालपरवा आली त्यांनी अशा प्रसंगी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्या मराठीचा हा गौरव झाला ती मराठी कोणाची? हा प्रश्न भावनेचा नाही, पुराव्याचा आहे. आणि तो पुरावा इंग्रजांनी आपल्यासाठी छापून ठेवला आहे.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली १८९४ पासून हिंदुस्थानातील भाषांची सरकारी पाहणी सुरू झाली. १९२८ पर्यंत चाललेल्या या कामात १७९ भाषा आणि ५४४ बोली नोंदल्या गेल्या. त्यातला सातवा खंड मराठीचा. तो १९०५ साली निघाला आणि नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनी तो तयार केला. आपल्याकडे भाषाशास्त्राच्या वर्गात या खंडाचा उल्लेख आदराने होतो. त्याचे साहित्यकृतीसारखे चिकित्सक वाचन मात्र फारसे होत नाही. कर्जत-खालापुरात बसून तो वाचला तर तो काय सांगतो, हे पाहण्यासारखे आहे.

उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत, माथेरान आणि बोरघाटाच्या पायथ्याशी हे दोन तालुके पसरले आहेत. इंग्रजी अमदानीत कर्जत आधी ठाणे जिल्ह्यात होता, नंतर तो कुलाब्यात गेला. १९८१ साली कुलाब्याचा रायगड झाला. जिल्ह्याची नावे बदलली, वस्तीची रचना मात्र तीच राहिली. गावात कुणबी, आगरी, मराठा. गावकुसाबाहेर पूर्वीचे महार, आजचे बौद्ध. डोंगराच्या अंगाला ठाकर, महादेव कोळी. आणि सर्वांच्या पलीकडे, कोणाच्या तरी बांधावर नाही तर वनखात्याच्या जागेत, कातकरी.

आता सातव्या खंडातील कोकणच्या बोलींची नावे पाहा. कुणबी, आगरी, कोळी, ठाकरी, धनगरी, भंडारी, वारली, काथोडी. ही भाषांची यादी आहे की खानेसुमारीतील जातींची? एकेक बोली म्हणजे एकेक जात. पुण्याच्या मराठीला मात्र जातीचे नाव नाही. तिला म्हटले आहे प्रमाण मराठी. पुण्यात कोणत्या जाती राहत होत्या आणि त्यांपैकी कोणत्या जातीचे बोलणे प्रमाण धरले गेले, हे सांगण्याची गरज पाहणी करणाऱ्यांना वाटली नाही. ज्याच्या हाती मोजपट्टी असते त्याची उंची कोणी मोजत नाही. त्यातलाच हा प्रकार.

यावर आक्षेप येईल. याच यादीत परभी आहे, कऱ्हाडी आहे, चित्पावनीही आहे; मग वरच्या जातींच्या बोलींनाही जात चिकटलीच की. आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. पण फरक कुठे पडतो तो पाहिला पाहिजे. चित्पावनी बोलणारे घर पुण्याची मराठी उचलू शकत होते. त्यांची मुले पंतोजीच्या शाळेत होती, त्यांचे भाऊबंद कचेरीत होते, प्रमाण भाषा घडवणाऱ्यांत त्यांचेच आप्त होते. घरची बोली मागे टाकणे ही त्यांच्यासाठी बढती होती. कातकऱ्याला असा दरवाजाच नव्हता. त्याची बोली हा त्याचा दाखला होता. तोंड उघडले की जात कळे. एकाच यादीत बसलेली दोन नावे म्हणून एकाच पंगतीला बसलेली ठरत नाहीत.

प्रमाण मराठी आभाळातून पडली नाही. ती कशी घडली याच्या तारखा उपलब्ध आहेत. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला, दुसरी आवृत्ती १८५७ साली. हे काम करणाऱ्या इंग्रजांच्या मदतीला ब्राह्मण शास्त्री होते. लोकांच्या तोंडचे शब्द त्या कोशात भरपूर आहेत, हे मोल्सवर्थचे श्रेय मान्यच केले पाहिजे. परंतु कोणता शब्द शिष्ट आणि कोणता गावंढळ, हा शिक्का मारणारा हात कोणाचा होता? १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण निघाले. शाळेची पुस्तके थॉमस कँडींच्या नजरेखालून गेली. कोश, व्याकरण, क्रमिक पुस्तक या तीन खांबांवर भाषेचा मांडव उभा राहिला.

त्या मांडवात कोणाला घ्यायचे हेही तेव्हाच ठरत होते. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२४ च्या टिपणात स्पष्ट लिहिले की मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी वाटतात; पण त्यांच्यापासून सुरुवात केली तर शिक्षण पुढे पसरणार नाही, म्हणून जपून असावे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. म्हणजे भाषा घडत होती त्या वर्षांत आपण वर्गाबाहेर होतो. ज्या भाषेच्या घडणीत आपल्याला मज्जाव होता, तिच्याच नियमांनी पुढे आपल्याला अशुद्ध ठरवले.

जोतीराव फुल्यांचा ‘गुलामगिरी’ १८७३ साली आला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून फुल्यांचा समाचार घेतला, तेव्हा विचारांबरोबर त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टवाळी केली. युक्तिवादाला उत्तर देण्यापेक्षा विभक्ती मोजणे सोपे असते. ही रीत आजही गेलेली नाही. कोकणातल्या बहुजन बोलींत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो. पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोला’ होतो. हिंदी सिनेमातला नट ‘पानी’ म्हणतो तेव्हा कोणाचे कान दुखत नाहीत. तोच शब्द वाडीवरच्या पोराने वर्गात उच्चारला की हशा पिकतो. १९२७ साली ज्यांना महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या नातवंडांना तो शब्द कसा उच्चारावा हे शिकवण्याची फार घाई झालेली दिसते.

आता या खंडाच्या आशयाकडे येऊ. प्रत्येक बोलीचा नमुना मिळावा म्हणून पाहणीने एक मजकूर ठरवला होता, तो म्हणजे बायबलातील उधळ्या मुलाची गोष्ट. ग्रिअर्सन यांचे कारण व्याकरणाचे होते. या गोष्टीत तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, नामाच्या बहुतेक विभक्ती येतात, क्रियापदाचे तिन्ही काळ येतात. व्याकरणाला ती सोयीची असेल. पण त्या गोष्टीत आहे काय? बापाची मालमत्ता, दोन मुलांत तिची वाटणी, परदेशी जाऊन उधळपट्टी, घरी परतल्यावर अंगठी, उंची वस्त्र आणि पोसलेल्या वासराची मेजवानी. ही गोष्ट कातकऱ्याच्या तोंडी घालून त्याच्या बोलीचा नमुना घ्यायचा! ज्याच्याकडे वाटून घ्यायला वीतभर जमीन नाही त्याने वाटणीची क्रियापदे चालवून दाखवायची. त्या गोष्टीत कातकऱ्याला ओळखीचे वाटेल असे एकच पात्र आहे, डुकरे राखणाऱ्या भुकेल्या गड्याचे. पण गोष्टीत तो धन्याचा मुलगा असतो आणि शेवटी घरी जातो.

त्याच काळात कातकऱ्याचे काय चालले होते? खैराच्या झाडापासून काथ काढणे हा त्याचा धंदा. त्याचे नावच त्यावरून पडले. १८७८ च्या जंगल कायद्याने रान सरकारचे झाले आणि खैरावर कुऱ्हाड चालवणारा गुन्हेगार ठरला. कातकरी कोळशाच्या भट्टीवर गेला, ठेकेदाराच्या उचलीत अडकला, पुढे वीटभट्टीवर गेला. सरकारचे एक खाते त्याची बोली कागदावर टिपत होते आणि दुसरे खाते ज्या रानात ती बोली जगत होती ते रान काढून घेत होते. या दोन कागदांचा संबंध सातव्या खंडात कुठेही लागत नाही. हीच त्याची मोठी उणीव आहे. एवढे म्हणूनही हे मान्य करावे लागते की पाहणीने ठराविक गोष्टीखेरीज बोलणाऱ्याच्या तोंडून थेट टिपलेला दुसरा नमुनाही मागवला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या या बोलींचा छापील पुरावा आज हाती आहे तो त्यामुळेच. आपल्या विद्यापीठांनी तेवढेही केले नव्हते. पुढे गणेश देवी यांच्या पुढाकाराने भाषांचे लोकसर्वेक्षण झाले आणि अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्राचा खंड २०१३ साली आला. तिथे बोलणारे समाज माणसे म्हणून दिसू लागले.

कोणी म्हणेल, ही सारी पंडितांची चर्चा. चळवळीच्या कार्यकर्त्याला याचे काय? त्याला दोन गोष्टी सांगतो.

पहिली जमिनीची. रायगड जिल्ह्यात डोंगरउतारावर नाचणी-वरीच्या लागवडीसाठी आदिवासींना दिलेल्या जमिनीला दळी म्हणतात. हा शब्द इंग्रजी अमदानीत वनखात्याच्या दप्तरात शिरला आणि दप्तरात शिरला म्हणूनच तो पुढे पुरावा ठरला. दप्तरात न शिरलेल्या शब्दांमागची जमीन हवेत राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले निवेदन पुरावा म्हणून चालते. फार मोलाची तरतूद आहे ही. गावच्या शिवेचा तंटा पडला की महाराची तोंडी साक्ष घेत, पण कागद कुलकर्ण्याच्या मोडीत होई. आज तोच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. म्हातारी सांगते तिच्या बोलीत. कागदावर उतरते ‘सदर अर्जदार पूर्वापार वहिवाट करीत असून’ असे काहीतरी. खाचर कुठले, ओहळ कुठला, कोणत्या झाडाखाली कोणाला पुरले हे सारे त्या वाक्यात गळून पडते. आणि दाव्याची खरी ताकद नेमकी त्यातच असते.

दुसरी शाळेची. घटनेच्या ३५० क कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्यतोवर मातृभाषेचे माध्यम असावे असे म्हटले आहे. मग कातकरी मुलाचे काय? तो मराठीची बोली बोलणारा म्हणून नोंदला गेला, म्हणजे कागदोपत्री त्याला मातृभाषेतच शिक्षण मिळते! प्रत्यक्षात पहिलीच्या पुस्तकाची मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावर महाराष्ट्र पेटला आणि २९ जूनला सरकारला ते आदेश मागे घ्यावे लागले. कोवळ्या मुलांवर परक्या भाषेचे ओझे नको, हा युक्तिवाद अगदी रास्त होता. पण हे ओझे वाडीवरचे मूल पिढ्यान्पिढ्या वाहत आले आहे, हे त्या गदारोळात क्वचितच ऐकू आले. ज्याला भाषा म्हटले त्याला हक्क मिळाला. ज्याला बोली म्हटले त्याला फक्त कौतुक मिळाले.

या ठिकाणी दलित साहित्याचा विचार करावा लागतो. १९६३ साली बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’, १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’, १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’. या पुस्तकांनी मराठी वाङ्मयाचा कान बदलला. ‘गोलपिठा’ची प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना कित्येक शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले. प्रस्थापित मराठीला आपली मराठी अपुरी आहे हे प्रथमच कबूल करावे लागले. अर्थ विचारणारा आणि अर्थ सांगणारा यांच्या जागा त्या दिवशी बदलल्या. ही घटना कोणत्याही पुरस्काराहून मोठी आहे.

पण चळवळीने तिथे थांबून चालणार नाही. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने दलित या शब्दात अनुसूचित जमाती, भूमिहीन, कष्टकरी यांनाही घेतले होते. त्या व्याख्येप्रमाणे कर्जत-खालापूरचा कातकरी आणि ठाकर आपलाच आहे. मग आपल्या वाङ्मयात तो बोलतो का? बहुतेक वेळा तो दिसतो. बोलतो ते आपण, त्याच्या वतीने. आणखी एक गोष्ट घडते आहे. आपली पहिली पिढी पदवीधर झाली, सभेत आणि लेखात शुद्ध मराठी सफाईने वापरू लागली, आणि तिच्याही तोंडून कातकरी मुलाच्या उच्चारावर ‘नीट बोल’ असे शब्द निघू लागले. जी मोजपट्टी आपल्या पाठीवर बसली ती आपल्या हातात आली एवढाच फरक झाला, तर ते परिवर्तन नव्हे. बाबासाहेबांनी १९५५ साली भाषावार राज्यांचा विचार करताना, एका भाषेच्या राज्यात एका जातीचे वर्चस्व माजण्याचा धोका दाखवून दिला होता. तो धोका भाषेच्या आतही असतो.

प्रमाण मराठी सोडा, असे माझे म्हणणे नाही. ती कमवायला आपल्याला फार किंमत पडली आहे. ती कचेरीची, न्यायालयाची, परीक्षेची भाषा आहे आणि तिच्यावर आपला पूर्ण हक्क आहे. म्हणणे इतकेच की तिला तिचे खरे नाव द्या. तीही एक बोली आहे, सत्ता लाभलेली. तिला हे नाव दिले की इतर बोली आपोआप अशुद्ध राहत नाहीत. मग शिक्षकाला वाडीवरच्या मुलाचे पहिले वर्ष त्याच्या बोलीत सुरू करता येईल. कार्यकर्त्याला म्हातारीचे निवेदन तिच्या शब्दांत लिहून खाली त्याचा अर्थ देता येईल. आणि कथा-कविता लिहिणाऱ्या ठाकर-कातकरी तरुणाला आपल्या शब्दांचे अर्थ तळटीपेत देत बसावे लागणार नाही. ज्याला अर्थ हवा असेल त्याने वाडीवर यावे आणि विचारावा.