अर्ध्या बँडची गुणवत्ता

गुणवत्ता हा शब्द आपल्या समाजाने बहुधा दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आहे. राखीव जागांचा प्रश्न निघाला की तो हमखास पुढे केला जातो. परदेशी शिक्षणाच्या दारात आज हाच शब्द एका आकड्याचे रूप घेऊन उभा आहे. तो आकडा म्हणजे ‘आयईएलटीएस’ या इंग्रजी चाचणीचा बँड. शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीकडे डोळे लावून बसलेली आपली मुले या आकड्यापाशी अडतात. म्हणून तो कसा तयार होतो हे तपासणे आपले काम आहे.

१९८९ साली सुरू झालेल्या या चाचणीचे श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे चार भाग आहेत. श्रवण व वाचन यांत प्रत्येकी ४० प्रश्न, प्रत्येकाला एक गुण. त्या गुणांचे ० ते ९ या पट्टीवर रूपांतर होते. लेखन व संभाषण यांना परीक्षक प्रत्येकी चार निकषांवर बँड देतो. चारही निकषांचे वजन सारखे. शेवटी चार भागांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बँडला नेतात. ६.२५ आले तर ६.५ धरतात. इथवर हिशोब स्वच्छ आहे, थोडा उदारही आहे. मुख्य म्हणजे या चाचणीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ही भाषाच नाही. ती फक्त पातळी सांगते.

रेषा ओढतात ती विद्यापीठे. एकूण ६.५ हवेत आणि कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नको, अशी अट सर्रास असते. समजा, एका मुलीला श्रवणात ७.५, वाचनात ७, संभाषणात ६.५ आणि लेखनात ५.५ मिळाले. सरासरी ६.६२५, म्हणजे एकूण बँड ६.५. तरीही ती बाहेर! ज्या अर्ध्या बँडने सरासरीत सवलत दिली, त्याच अर्ध्या बँडने लेखनात दार लावले. माणसाने माणसाच्या निबंधाला दिलेला अर्धा बँड इतका अचूक असतो काय? फेरतपासणीची सोय आहे, बँड बदलला तर तिचे पैसेही परत मिळतात. पण आधी ते भरावे लागतात.

आता निकषांकडे पाहू. परीक्षक उच्चारात सुबोधता पाहतो, साहेबी ढंग नव्हे, ही न्याय्य गोष्ट मान्य केली पाहिजे. परंतु शब्दसंपदेत ७ बँडसाठी कमी प्रचलित शब्द आणि रूढ वाक्प्रचार अपेक्षित आहेत. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. माझ्या अनुभवाने सांगतो, व्याकरण पाठ्यपुस्तकातून येते, वाक्प्रचार घरातून येतो. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तक आणि इंग्रजी बोलणारा चुलता आहे, त्याला तो वारसाहक्काने मिळतो. आमचा विद्यार्थी नेमके, सरळ वाक्य लिहितो आणि ते ‘साधे’ ठरते. संभाषणात विचारासाठी थांबणे आणि शब्दासाठी थांबणे यांतही फरक केला जातो. पण अधिकाऱ्यासमोर पहिल्यांदाच तोंड उघडणाऱ्या मुलाचा थांबा या दोहोंपैकी कोणता, हे ११ ते १४ मिनिटांत कोण ओळखणार?

हा इंग्रजीला विरोध नव्हे. सावित्रीबाईंनी आपल्याला इंग्रजीकडे वळवले. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा अशा चाचण्या नव्हत्या. ‘टोफेल’सुद्धा १९६४ ची. १९१६ साली त्यांनी तिथे ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. त्यांचे इंग्रजी अभ्यासात पारखले गेले आणि अभ्यासातच वाढले.

आपली मागणी साधी आहे. विद्यापीठांनी अर्ध्या बँडसाठी दार न लावता प्रवेशानंतर भाषेचे वर्ग द्यावेत. चाचणीचा व तयारीचा खर्च शिष्यवृत्ती हाती येण्याआधीच करावा लागतो, तो शासनाने उचलावा. आणि आपल्या महाविद्यालयांनी हे निकष पहिल्या वर्षापासून वर्गात उघडे करून शिकवावेत. शिकवणीवर्गाचे पैसे ज्यांना परवडतात, त्यांना ते केव्हाच ठाऊक झालेले आहेत.