मलेनियेशीं द्वंद्व : एक रसविचार

घरांतला तरुण मुलगा पडद्यासमोर बसून एकाच शत्रूच्या हातून चाळीस वेळां मरतो, आणि एकेचाळिसाव्या वेळीं मरावयास पुन्हां सिद्ध होतो, हें दृश्य आज पुष्कळ कुटुंबांत पाहावयास मिळतें. वडील माणसें तें पाहून 'काय हा वेळेचा अपव्यय!' म्हणून उसासा टाकतात. एके काळीं कादंबऱ्या वाचणाऱ्या आणि नाटकांस जाणाऱ्या मुलांविषयीं हाच उसासा टाकला जात असे. अर्थात् शिष्टांच्या तिरस्कारास पात्र झाली एवढ्यावरून कोणतीही करमणूक कला ठरत नाहीं, हें मला मान्य आहे. परंतु मरणाऱ्याच्या त्या हट्टांत निव्वळ हट्टच आहे कीं कांहीं रसही आहे, हा प्रश्न टीकाकारानें विचारण्याजोगा खास आहे. त्याचें उत्तर सामान्य विधानांत न शोधतां एका विशिष्ट कृतींत शोधणें बरें.

मीं निवडलेली कृति म्हणजे 'एल्डन रिंग' हा खेळ. जपानांतील फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेनें हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखालीं तो रचला. त्यांतील पुराणकथेच्या उभारणींत जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकारांचा हात आहे. आणि फेब्रुवारी २०२२ मध्यें तो प्रसिद्ध झाला. 'ॲक्शन रोल-प्लेइंग गेम' म्हणून जो वर्ग ओळखला जातो त्यांतला हा खेळ. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राचें बळ हळूहळू वाढवितो, आणि लढाई मात्र स्वतःच्या डोळ्यांनीं व बोटांनीं करतो. वाटेंत जे प्रमुख शत्रु आडवे येतात त्यांस खेळाडू 'बॉस' म्हणतात. त्यांत सर्वांत कठीण म्हणून पुष्कळांच्या तोंडीं जिचें नांव येतें ती मलेनिया. ती देवकुळांत जन्मली. पण जन्मतःच तिच्या देहाला एका लाल सडीचा शाप आहे. मिकेला या तिच्या जुळ्या भावाला शाप आहे तो न सरणाऱ्या बाल्याचा. तिचा एक हात गेलेला असून त्याजागीं कृत्रिम हात आहे. आणि तिला आजवर कोणीं हरविलें नाहीं अशी तिची ख्याति. विशेष हें कीं, ती मुख्य कथामार्गावर नाहींच. तिच्याकडे न जातांही खेळ पुरा होतो. म्हणजे तिच्यासमोर जो मरतो तो आपण होऊन तेथें गेलेला असतो.

कीर्तनांत आख्यानाआधीं जसा पूर्वरंग असतो तसा या द्वंद्वालाही आहे, आणि तो दुहेरी आहे. एक तयारी कर्त्याची व दुसरी खेळणाऱ्याची. कर्त्याची तयारी खेळाच्या आरंभापासूनच चालू असते. पहिल्या प्रदेशाच्या पूर्वेस केलिड नांवाचा मुलूख लागतो. तेथें आभाळ लाल, माती लाल, आणि कुत्रीं-कावळे अक्राळविक्राळ वाढलेले. हें कशानें झालें? येथें मलेनिया आणि राडान नांवाचा सेनापति यांचें युद्ध झालें, आणि कोणीच हरेना तेव्हां मलेनियेनें आपल्या देहांतली सड फुलासारखी उमलूं दिली. राडान भ्रमिष्ट झाला, मुलूख कुजला. अशा रीतीनें व्यक्ति दिसण्याच्या पुष्कळ आधीं तिच्या कृत्याचें फळ दिसतें. पुढें तिच्यापर्यंत पोहोंचावयाचें तर एका गुप्त पदकाचे दोन तुकडे दोन निरनिराळ्या ठिकाणांहून मिळवावे लागतात, बर्फाचें पठार ओलांडावें लागतें, एका ओसाड गांवांतलें कोडें सोडवावें लागतें, आणि मग एका प्रचंड वृक्षाच्या फांद्यांवरून त्याच्या मुळाशीं उतरावें लागतें. तेथें ती बसलेली असते.

खेळणाऱ्याची तयारी दोन प्रकारची. पहिली सामग्रीची. मारलेल्या शत्रूंपासून मिळणारें 'रून' नांवाचें धन खर्चून पात्राचें आयुष्य वाढवावयाचें; लोहाराकडून शस्त्राचें बळ वाढवून घ्यावयाचें; जखमा भरणारें लाल औषध किती बाळगावें व मंत्रबळ देणारें निळें किती, हें ठरवावयाचें; आणि शत्रूच्या प्रकृतीस न मानवणारें हत्यार निवडावयाचें. मलेनियेस रक्तस्राव घडविणारीं हत्यारें बाधतात. हा सारा भाग हिशेबाचा आहे. दुसरी तयारी मात्र गवयाच्या बाबतींत आपण तो शब्द वापरतों त्या अर्थाची. ती विकत मिळत नाहीं. पहिल्या आठ-दहा मरणांत मला तिच्या तलवारीखेरीज कांहींच दिसलें नाहीं. पुढें तिचा खांदा दिसूं लागला, मग पाऊल, मग दोन वारांमधली उसंत. शत्रु तोच, वेगही तोच. वाढली होती ती फक्त पाहणाऱ्याची नजर.

आतां या द्वंद्वाचा मुख्य नियम पाहूं. मलेनियेचा वार लागला कीं तिचें आयुष्य भरून येतें. तो ढालीवर अडविला तरीही भरून येतें. येथवर ज्या ढालीनें रक्षण केलें तीच आतां शत्रूला पोसूं लागते. मीं स्वतः कित्येक संध्याकाळी ढालीआड दबून काढल्या, आणि दर खेपेस तिच्या आयुष्याची रेषा माझ्या डोळ्यांदेखत पुन्हां लांब होत गेली. हिशेबाच्या दृष्टीनें हा नियम म्हणजे कठीणपणा वाढविण्याची युक्ति. काव्याच्या दृष्टीनें तो तिचा स्वभाव आहे. जिचा देह आंतून झिजत आहे ती दुसऱ्याच्या जखमेवरच तग धरणार. हें कोणीं भाषण करून सांगत नाहीं. आपण किंमत मोजून तें शिकतों. पुष्कळ खेळांत कथा एकीकडे व लढाई दुसरीकडे अशी फारकत असते. येथें नियम हाच स्वभाव झाला आहे, आणि या कृतीचें सर्वांत मोठें यश मी हेंच मानतों.

मदतीच्या वादाचें उत्तरही याच नियमांत आहे. या खेळांत मृत योद्ध्यांचे आत्मे किंवा दुसरे खेळाडू यांस साहाय्यास बोलावितां येतें. कडवे खेळाडू अशा विजयास विजयच मानीत नाहींत. मला हें मत एकांगी वाटतें; कर्त्यानेंच दिलेलें साधन वापरणें हा अपराध नव्हे. पण सहायकाला बसलेला वारही तिलाच पोसतो, आणि सहायकाकडे वळलेली मलेनिया आपल्याला पाठमोरी दिसते. उसनें बळ घेणारा जिंकेल. मात्र ती त्याला कमी दिसेल. यांत पाप नाहीं, रसहानि आहे.

दोष सांगितल्यावांचून परीक्षण पुरें होत नाहीं. 'वॉटरफाउल डान्स', म्हणजे पाणपक्ष्याचें नृत्य, हा मलेनियेचा प्रसिद्ध डाव. ती हवेंत उठते, क्षणभर स्थिरावते, आणि मग वारांचे झोत एकामागून एक येतात. सूचना मिळते, पण तिचा अर्थ इतर डावांप्रमाणें नुसत्या पाहण्यानें उमगत नाहीं. जवळ उभा असलेल्यास पहिला झोत चुकविणें फारच दुर्घट, आणि पुष्कळांस त्याचा तोडगा दुसऱ्याकडून ऐकून पाठ करावा लागतो. उत्तम शत्रु अवघड श्लोकासारखा असावा. अन्वय लावला कीं अर्थ त्याच्याच शब्दांत सांपडावा. येथें मात्र अर्थासाठीं टीका उघडावी लागते. एका गुरूच्या वाहत्या तलवारीपासून ती ही विद्या शिकली, आणि साचून कुजण्यावर प्रवाह हाच उतारा, असें कथेच्या बाजूनें समर्थन करतां येईल. कल्पना सुंदर आहे. पण तिनें रचनेंतला दोष भरून निघत नाहीं.

एवढें सोसून एके दिवशीं तिचें आयुष्य शून्यावर येतें, आणि तेथेंच उत्तररंग सुरू होतो. एक लाल फूल उमलतें, आणि त्यांतून पंख फुटलेली मलेनिया 'सडीची देवता' या नव्या नांवानें वर उठते. खेळणाऱ्याला प्रथम संताप येतो; केलेली मेहनत फुकट गेली असें वाटतें. केलिडची लाल माती आठवली म्हणजे मात्र अर्थ कळतो. जी सड तिनें जन्मभर देहांत कोंडून धरली तिला पूर्वीं एकदां तिनें वाट दिली होती. आज आपण तिला पुन्हां त्याच कड्यावर आणून उभें केलें. आणि ती लढते तरी कशासाठीं? भावाची वाट पाहत. तो भाऊ त्या वृक्षांत उरलेलाच नाहीं. ती रिकाम्या घराचा पहारा करीत आहे. २०२४ सालीं निघालेल्या 'शॅडो ऑफ द अर्डट्री' या पुरवणींत, देवत्वासाठीं त्या भावानें देहाबरोबर आपलें प्रेमही टाकून दिल्याची कथा आली आहे. तिनें हा पहारा अधिकच करुण होतो. मरतांना मलेनिया भावाचीच क्षमा मागते.

येथें मला न. चिं. केळकर यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेल्या 'सविकल्प समाधी'ची आठवण होते. स्वतःचें भान न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरणें, यांत वाङ्मयाचा आनंद आहे, असा त्या कल्पनेचा थोडक्यांत आशय. खेळणारा 'माझें पात्र मेलें' असें म्हणत नाहीं, 'मी मेलों' म्हणतो. आणि लगेच उठून चहा पिऊन येतो. समाधि आहे आणि विकल्पही आहे. परंतु मलेनियेच्या बाबतींत याहून निराळें कांहीं घडतें. तिला जिंकण्यासाठीं तिचा इतका अभ्यास करावा लागतो कीं, आपल्या पात्रापेक्षां तिचेंच अंतरंग अधिक परिचयाचें होतें. समाधि हळूहळू शत्रूवर लागते. आपल्या परंपरेनें याला विरोधभक्ति म्हटलें आहे. कंसाला जळीं-स्थळीं कृष्णच दिसूं लागला तो याच वाटेनें. नुसत्या द्वेषानें तिचें एक पाऊलही ओळखतां येत नाहीं. आणि जिला एवढें ओळखलें तिला मारल्यावर वीररस टिकत नाहीं. तो करुणांत मिसळून जातो. ज्या तयारीनें विजय मिळाला तिनेंच विजयाचा उन्माद हिरावून घेतला, ही या कृतीची खरी प्रतिष्ठा होय.

म्हणून घरांतला मुलगा एकेचाळिसाव्या वेळीं मेला, तर वेळेचा हिशेब मागण्याआधीं त्याला एवढेंच विचारावें, 'या खेपेस तुला तिच्यांत नवें काय दिसलें?' त्याला उत्तर देतां आलें तर त्याचा अभ्यास चालला आहे असें समजावें. न देतां आलें, तर दिवा मालवून त्याला झोंपावयास पाठवावें.