व्हॅलिडिटी नेमकी कुणाची तपासायची?

रिसर्च मेथडॉलॉजीत तुम्ही व्हॅलिडिटी शिकलाच असाल: जे मोजायचंय, तेच आपलं साधन मोजतंय का? हाच प्रश्न आज दुसऱ्या एका व्हॅलिडिटीला विचारू या.

महाराष्ट्रात राखीव जागेवर इंजिनिअरिंग-मेडिकलला जायचं तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. 2001 च्या 23 व्या कायद्यानुसार जात सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराचीच. स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदींना सगळ्यात जास्त वजन. पण पणजोबा शाळेतच गेले नसतील, तर नोंद आणायची कुठून?

मग येते अ‍ॅफिनिटी टेस्ट, म्हणजे आप्तभाव चाचणी. देव कोणता, लग्न कसं लागतं, मर्तिकाला काय करतात, अशी विचारपूस. 1994 च्या माधुरी पाटील खटल्यात सुप्रीम कोर्टाने या चौकशीची चौकट घालून दिली.

साधन म्हणून या चाचणीत दोन मोठे दोष आहेत. एक, संस्कृती गोठलेली असते असं ती धरून चालते. शिकलेल्या, शहरात वाढलेल्या मुलीला जुने विधी सांगता आले नाहीत, तर शिक्षणच तिच्या विरोधातला पुरावा ठरतं. दोन, एकाच नावाखाली वेगवेगळी जगणी असतात. मी मिठबावहून लिहितेय. आमच्याच जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी ओळखले जातात. कर्जत-अकोल्याच्या डोंगरातल्या ठाकरांचं वर्णन त्यांना कसं लागू पडेल? त्यात 1976 च्या दुरुस्तीआधी या जमातीच्या यादीला प्रदेशाची अट होती, आणि तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही, त्याबाहेर होता.

दुसरी बाजूही खरी आहे. बोगस दाखल्यांनी खऱ्या आदिवासी मुलांच्या जागा गेल्यात, त्यामुळे पडताळणी नकोच असं म्हणता येणार नाही. 24 मार्च 2023 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, आणि प्रत्येक प्रकरणात ती लागतेच असंही नाही. चांगलं झालं. पण ज्याच्याकडे जुना कागदच नाही, त्याचा प्रश्न तिथेच राहतो.

म्हणून या विषयावर काम करणार असाल, तर 'जागरूकतेचा अभाव' असं लिहून मोकळे होऊ नका. कोणता कागद मागितला, तो का नाकारला, किती महिने गेले, तोवर प्रवेशाची मुदत संपली का, हे विचारा. फाईल थांबते, अ‍ॅडमिशनचं वेळापत्रक थांबत नाही. मधल्या मधे जागा जाते ती विद्यार्थ्याची.